पाण्याकाठी घर घेताय? बडोदेकरांनी या चुका टाळा

पाण्याकाठची जागा दाखवायला दलाल कधी बोलावतो, ते लक्षात घ्या. दिवाळीनंतर, होळीच्या आत. तेव्हा नदी निवळलेली असते, खाडी निळी दिसते, हवा छान असते आणि विहिरीला पाणीही असतं. जुलैत कुणी बोलावत नाही, मेमध्ये तर नाहीच. कोकणात, गोव्यात, नर्मदेकाठी किंवा अगदी आपल्या विश्वामित्रीलगत घर शोधणाऱ्यांच्या निम्म्याहून जास्त चुका इथेच होतात. जागा एकदा पाहिलेली असते, तीही वर्षातल्या सगळ्यात गोड दिवसांत.

नदी पाहिली, पूर पाहिला नाही

सुरुवात आपल्या दारातूनच करू. विश्वामित्री पावागढहून येते आणि शहराच्या मधोमध वळणं घेत जाते. बडोद्यात पाऊस थांबला म्हणजे धोका टळला असं नसतं. वरच्या भागातलं आणि आजवा जलाशयाचं पाणी नंतर येतं. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा हे सगळ्यांनी पाहिलं. ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा तेच झालं. धोक्याची पातळी २५ फूट असताना नदी ३५ फुटांच्या वर गेली आणि समा, अकोटा, वडसर, मुजमहुडा या भागांत मगरी रस्त्यावर येण्याच्या गोष्टी दांडिया बाजारच्या ओट्यांवर आठवडाभर पुरल्या. मगरीला हात लावायचा नाही, वनखात्याला फोन करायचा, हे तर इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पण तळमजल्यावरचं मीटरघर पाण्यात गेलं तर पाचव्या मजल्यावरही अंधार होतो, हे फ्लॅट बुक करताना कुणाच्या डोक्यात येत नाही.

म्हणून ‘रिव्हर व्ह्यू’ फ्लॅट पाहायला गेलात, तर गॅलरीत उभं राहण्याआधी खाली जा. लाइटचे मीटर किती उंचीवर आहेत? पाण्याची मोटर आणि जनरेटर कुठे बसवलेत? लिफ्टची यंत्रणा वर आहे की खाली? बेसमेंटमध्ये पार्किंग असेल, तर मागच्या दोन पुरांत त्या गाड्यांचं काय झालं? बिल्डरच्या ऑफिसात हे विचारून उपयोग नाही. दूधवाला, इस्त्रीवाला आणि समोरच्या टपरीवाला खरं सांगतील. कंपाउंडची भिंत नुकतीच रंगवलेली असेल, तर तिच्यामागचा लाइटचा खांब पाहा. त्याला रंग देण्याचे कष्ट सहसा कुणी घेत नाही, पुराची रेषा तिथे सापडते.

नर्मदेकाठची गोष्ट वेगळी आहे. चांदोद-करनाळीकडे वीकेंडचं घर घ्यावं, सकाळी नावेतून संगमावर जावं, ही कल्पना मोहक आहे यात शंका नाही. पण तिथला पूर आकाशाकडे पाहून कळत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सरदार सरोवरातून मोठा विसर्ग झाला आणि चांदोदपासून भरूच-अंकलेश्वरपर्यंत पाणी घुसलं. धरणाच्या खाली घर घेताना धरणाचाच हिशेब आधी मांडायचा: दरवाजे उघडल्यावर पाणी आपल्यापर्यंत किती तासांत पोचतं, आणि निघायचा रस्ता त्याआधी बंद होतो का?

धरणाच्या वरच्या बाजूला, जलाशयाकाठी प्लॉट घेणाऱ्यांची फसगत नेमकी उलट असते. ऑक्टोबरमध्ये कुंपणाला लागलेलं पाणी मेमध्ये लांबवर सरकतं आणि मधे उरते भेगाळलेली चिखलाची पट्टी. ती पट्टी बहुधा तुमची नसतेच, पाटबंधारे खात्याची असते. तिच्यावर जेटी बांधायला तुम्हाला कुणी देणार नाही.

महीच्या बाजूला, सिंधरोटच्या आसपास, कोतरांच्या, म्हणजे खोल घळींच्या, कडेची जमीन दिसायला फार सुंदर आहे. पण ही कोतरं पावसाच्या पाण्यानेच कोरलेली आहेत आणि ते कोरणं अजून संपलेलं नाही. कडेपासून भरपूर आत सरका. शिवाय नदीपलीकडची जागा एकाच पुलावर अवलंबून असेल, तर जुलै २०२५ मध्ये कोसळलेला महीवरचा गंभीरा पूल आठवा.

भरती-ओहोटीचं गणित न करणं

समुद्र आणि खाडीच्या बाबतीत बडोदेकर जरा भाबडे असतात, कारण आपल्याला तलावाची सवय. सूरसागरचं पाणी सकाळी असतं तिथेच संध्याकाळी असतं. खाडीचं नसतं. घर पाहायला गेलात तेव्हा भरती असेल, तर अंगणाला लागून पाणी. सहा तासांनी तिथेच गुडघाभर चिखल आणि त्यात कलंडलेली होडी.

किती फरक पडतो हे ठिकाणावर आहे. आपल्या जवळच्या खंभातच्या आखातात, भावनगरच्या बाजूला, भरती-ओहोटीत दहा मीटरच्या आसपास तफावत असते. देशात एवढी कुठेच नसते. मुंबई-अलिबागकडे उधाणाला चारएक मीटर, गोव्यात साधारण दोन. याचा अर्थ असा की भरूच-दहेजकडे ‘सी फेसिंग’ म्हणून जे विकतात, त्यात बोटिंग जवळपास नाहीच. पाणी गढूळ, ओढ जबर आणि गाळ अखंड. सरकारी फेरीसुद्धा त्यातून सुटली नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये वाजतगाजत सुरू झालेली घोघा-दहेज सेवा गाळाने अडली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये दहेजऐवजी हजीऱ्याहून घोघ्याला बोट सुरू झाली. जिथे जहाजाच्या धक्क्याचा गाळ उपसून पुरा पडत नाही, तिथे तुमच्या खासगी धक्क्याचं काय होईल ते पाहा.

कोकणात जाणार असाल, तर कोळ्यांचा जुना हिशेब शिकून घ्या. पंचांगातली तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. तेवढ्या वाजता साधारण पूर्ण भरती. चतुर्थीला तीनला, अष्टमीला सहाला, द्वादशीला नऊला. दिवसातली दुसरी भरती त्यानंतर साडेबारा तासांच्या आत-बाहेर, आणि ओहोटी या दोहोंच्या मधे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण जागा पाहायला कधी जायचं हे ठरवायला एवढं पुरे. दलालाने अष्टमीला सकाळी साडेसहाला बोलावलं असेल, तर ‘साहेब, बारा वाजता येतो’ म्हणा.

दुसरी फेरी अमावास्येला किंवा पौर्णिमेला मारा. तेव्हा उधाण असतं: पाणी सगळ्यात वर चढतं आणि सगळ्यात खाली उतरतं. त्या दिवशी तीन गोष्टी दिसतात. भरतीला पाणी जोत्याच्या किती जवळ येतं, ओहोटीला धक्क्याशी किती पाणी उरतं, आणि धक्क्यापासून खाडीच्या मुखापर्यंत मधे वाळूचा दांडा उघडा पडतो का. तिसरी गोष्ट बहुतेक जण तपासतच नाहीत. दारात पाणी भरपूर आणि मुखाशी दांडा असेल, तर बोट भरतीच्या आगेमागे दोन-अडीच तासच बाहेर काढता येते. रविवारची भरती पहाटे चारला असेल, तर त्या रविवारी तुम्ही बोट काढत नाही, व्हरांड्यात बसून तिच्याकडे बघता.

उधाणाची आणखी एक बाजू आहे. मुसळधार पाऊस आणि भरती एकत्र आली की नदीचं पाणी समुद्रात उतरत नाही, तुंबतं. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं, ते समुद्रकाठचं गाव नाही. म्हणून ‘आम्ही किनाऱ्यापासून लांब आहोत’ हे उत्तर खाडीच्या टोकाकडच्या गावांना लागू पडत नाही.

वर्ष बारा महिन्यांचं धरणं

कोकणात आणि गोव्यात यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते आणि पर्यटकांच्या बोटीही पावसाळ्यात बंदच असतात. गावातले लोक होड्या वर ओढून शाकारून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेनंतर समुद्राची भाषा करतात. तुमची बोटही वर ओढावी लागेल, त्याला माणसं लागतील आणि ठेवायला शेड लागेल. म्हणजे हाताशी आठ महिने. त्यातले एप्रिल-मे दुपारी अकरानंतर बाहेर पडण्याचे नाहीत, आणि मेअखेरीला वादळांची भीती: २०२१ मध्ये तौक्ते मेमध्येच आलं, त्याआधीच्या वर्षी निसर्ग ३ जूनला अलिबागजवळ धडकलं. उरलेल्या दिवसांतून बडोद्याहून जाता येण्यासारखे शनिवार-रविवार मोजा. अलिबाग रस्त्याने पाचशे किलोमीटरच्या आसपास, गोवा हजाराच्या आसपास. आकडा मनाला लावून घेऊ नका, पण वहीत लिहा.

माझं मत विचाराल तर हौस बोटीची असेल, तर बोट भाड्याने घ्या आणि घर बोटीसाठी निवडू नका. घर तिथे राहण्यासाठी असेल, तर मग दवाखाना किती लांब, वाणी कुठे आणि पावसाळ्यात वीज किती तास जाते, हे प्रश्न खाडीच्या दृश्यापेक्षा मोठे ठरतात. साठीनंतर तर नक्कीच.

शहरालगतच्या योजनांत ‘बोटिंगची सोय’ म्हणून एखादं तळं दाखवतात, त्याबद्दल एवढंच. १८ जानेवारी २०२४ ला हरणीच्या तलावात बोट उलटून बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हती. तळं कोण चालवतं, बोटीची क्षमता कुठे लिहिली आहे आणि जॅकेट किती आहेत, हे क्लबहाउसच्या टाइल्सआधी विचारा.

ग्रामपंचायतीचा कागद पुरेसा समजणं

ही सगळ्यात महाग चूक. किनाऱ्यावर आणि भरतीचं पाणी जिथवर येतं त्या खाड्यांकाठी सीआरझेडचे, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे, नियम लागतात. २०१९ च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण भागात जिथे २०११ च्या जनगणनेप्रमाणे दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त वस्ती आहे, तिथे भरतीरेषेपासून ५० मीटर बांधकामबंदी. जिथे वस्ती विरळ, तिथे २०० मीटर. कोकणातली बरीच मोहक ठिकाणं विरळ वस्तीची आहेत, हे सांगायला नको. खाडीकाठचं अंतर वेगळ्या रीतीने ठरतं, खाडीच्या रुंदीवरही. म्हणून तोंडी अंतर ऐकू नका. मंजूर किनारा आराखड्यावर तुमचा सर्व्हे नंबर मांडून मागा आणि भरतीरेषा कुठून जाते ते स्वतः पाहा.

कोचीजवळच्या मरडूत बॅकवॉटरकाठी चार उंच इमारती होत्या. स्थानिक पंचायतीची परवानगी होती, किनारा प्राधिकरणाची नव्हती. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने जानेवारी २०२० मध्ये त्या स्फोटकं लावून पाडल्या. तीनशेहून जास्त फ्लॅट गेले. अंतरिम भरपाई ठरली २५ लाख प्रत्येकी, आणि घेणाऱ्यांत निवृत्तीचा पैसा घातलेले लोकही होते.

बाकी कागद थोडक्यात. जमीन शेतीची असेल आणि तुम्ही शेतकरी नसाल, तर गुजरातेत आणि महाराष्ट्रात ती थेट घेता येत नाही. २०२३ च्या कायद्यानंतर गोव्यातही नाही. ‘पुढे बिनशेती करून देतो’ या वाक्यावर पैसे देऊ नका. कोकणातल्या सातबाऱ्यावर चुलत-मावसभावंडांची रांग असते आणि त्यातला एकजण हमखास मुंबईत किंवा दुबईत असतो. सगळ्यांच्या सह्या लागतात. गोव्यात नोंद फॉर्म १ व १४ वर पाहायची. तिथल्या नागरी कायद्यामुळे सहसा नवरा-बायको दोघांचीही सही लागते, वारसांच्या जोडीदारांचीसुद्धा. जमीन कोमुनिदादची, म्हणजे गावच्या सामायिक संस्थेची, नाही ना, हेही पाहा. योजना ५०० चौरस मीटरहून मोठ्या जमिनीवर आणि आठाहून जास्त घरांची असेल, तर रेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांच्या सरकारी नोंदणीचा, नंबर हवाच. वकील मात्र तिथल्या तालुक्याचा घ्या. आपल्या रावपुऱ्यातला वकील कितीही हुशार असला तरी मालवणच्या फेरफारांत त्याचा जीव रमत नाही.

खारं पाणी, खारी हवा

कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी एप्रिल-मेमध्ये टँकर येतात. जांभा पाणी धरत नाही. समुद्राजवळची विहीर उन्हाळ्यात मचूळ होते आणि बोअर खोल घेतली तर जास्तच. मेमध्ये जा, शेजारच्या विहिरीचं पाणी प्या. एवढी एक चाचणी पुरते.

खाऱ्या हवेत स्लॅबमधली सळई गंजून फुगते आणि काँक्रीट सोलून काढते. पंधरा-वीस वर्षांचा फ्लॅट घेत असाल, तर छताला टकटक करून पाहा. पोकळ आवाज आला की किंमत पुन्हा बोला. एसीचं बाहेरचं यंत्र, खिडक्यांच्या बिजागऱ्या, टीव्हीचे जोड, सगळं बडोद्यापेक्षा लवकर जातं. बंद घरात पावसाळ्यानंतर गाद्यांवर बुरशी आणि चौकटीत वाळवी. राखणदाराचा पगार घराच्या किमतीतच धरा. विम्याचं पाहायचं तर भारत गृह रक्षा पॉलिसीत पूर आणि वादळ येतं. बोटीचा विमा मात्र वेगळा काढावा लागतो.

विसार घाईत देणं

आपल्याकडे बानाखत करतात तसं तिकडे साठेखत होतं, आणि विसार त्याआधीच खिशातून काढायला लावतात. ‘उद्या पुण्याची पार्टी येतेय’ असं म्हणतात. दर वेळी पुण्याचीच का येते, कोण जाणे. साठेखतात तीन अटी घालून घ्या: सीआरझेडच्या आराखड्यात बांधकामबंदी निघाली, मेपर्यंत पिण्याचं पाणी मिळालं नाही किंवा एखादा हिस्सेदार सही करायला आला नाही, तर विसार पूर्ण परत, ठरलेल्या मुदतीत. मालक खरा असेल तर पहिली आणि तिसरी अट लगेच मान्य करतो. पाण्याच्या अटीवर तो घासाघीस करेल. तिथे तुम्ही एखादं पाऊल मागे आलात तरी चालेल, साठवणीची टाकी बांधून घेता येते. पहिल्या अटीवर मात्र मागे येऊ नका.