वसाहतकाळातील बिशपची पत्रे वाचताना या चुका टाळा

पहिली फसगत सहीपाशीच होते. अभिषेक (बिशपपदाची दीक्षा) झाल्यावर अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचा, बिशप सहीत आडनाव घालत नाही. स्वतःचे नाव किंवा आद्याक्षर आणि पुढे धर्मप्रांत, म्हणजे त्याच्या अखत्यारीतला प्रदेश. ‘रेजिनाल्ड कलकत्ता’ म्हणजे रेजिनाल्ड हीबर, ‘टी. बॉम्बे’ म्हणजे थॉमस कार. सूचीत ‘श्री. कलकत्ता’ अशी नोंद झाली, की पत्र असूनही हरवले. 1835 ते 1837 या काळात तर मद्रासला डॅनिएल कॉरी आणि कलकत्त्याला डॅनिएल विल्सन होते, तेव्हा नुसते ‘डॅनिएल’ वाचून थांबू नका. बिनतारखेच्या पत्राला हीच सही उपयोगी पडते. हीबरचा अभिषेक 1 जून 1823 चा. आडनावासह सही असेल तर पत्र बहुधा त्याआधीचे. कार 1837 मध्ये मुंबईचा पहिला बिशप झाला, त्याआधी तो इथलाच आर्चडीकन (बिशपच्या हाताखालचा वरिष्ठ पाद्री).

तारखेच्या जागी कधी ‘ट्रिनिटीनंतरचा चौथा रविवार’ एवढेच असते. अंदाज बांधू नका, त्या वर्षीचा ईस्टर शोधा. त्यानंतर आठ आठवड्यांनी ट्रिनिटी रविवार येतो. 1825 साली ईस्टर 3 एप्रिलला, म्हणून ट्रिनिटी 29 मेला आणि चौथा रविवार 26 जूनला. वर्षच माहीत नसेल तर कारकिर्दीतल्या प्रत्येक वर्षाची तारीख काढून मजकुरातल्या प्रवासाशी ताडून पाहा.

आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला, वळसा घालून येणाऱ्या जहाजाला महिने लागत. 1830 मध्ये ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईहून सुएझला सुमारे महिन्याभरात पोहोचली, तीच मोठी बातमी. त्यामुळे लागोपाठच्या तारखांची दोन पत्रे एकमेकांची उत्तरे समजू नयेत. हीबर 3 एप्रिल 1826 रोजी तिरुचिरापल्लीला वारला. त्यानंतरच्या तारखेचे, त्याला उद्देशून इंग्लंडहून आलेले पत्र बनावट ठरत नाही. तसेच एकाच मजकुराच्या दोन प्रती दोन जहाजांनी धाडत. दुसरी प्रत ‘जास्तीची’ म्हणून बाजूला टाकू नका, ताजा कलम बहुतेक तिच्यातच सापडतो.

‘खासगी’ आणि ‘चर्चचे’ असे गठ्ठे नव्याने पाडण्याचा मोह आवरा. एकाच कागदावर बायकोची तब्येत, चॅप्लिनची (नेमणुकीवरच्या पाद्र्याची) बदली आणि वर्गणीचा हिशेब असतो. मूळ क्रम तसाच ठेवा, विषयांची वाटणी सूचीत करा.

कागद हाताळताना घडी उलट दिशेने दाबू नका, तिथेच तो तुटतो. लोहयुक्त शाईला पाणी लावू नका. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन तर नकोच. क्रमांक पेन्सिलीनेच घाला. लिफाफे रूढ होण्यापूर्वी पत्ता घडीच्या बाहेरच्या बाजूला लिहीत. टपालाचा शिक्का आणि ‘मिळाले’ची नोंदही तिथेच असते, म्हणून कोऱ्या वाटणाऱ्या बाजूचाही फोटो घ्या. आडव्या ओळींवर उभे लिहिलेले पान दोनदा वाचावे लागते, दुसऱ्यांदा नव्वद अंश फिरवून. जावक वहीतल्या पातळ, दाबून घेतलेल्या प्रतीमागे पांढरा कागद सरकवा. अक्षरे उलटी दिसली तर पान उलटून धरा.

छापील मजकुरावर विसंबू नका. हीबरची पत्रे त्याच्या पत्नीने, अमेलियाने, 1828 मध्ये प्रवासवर्णनासोबत छापली. छापताना काय वगळले ते मूळ पत्र पाहिल्यावरच कळते. उत्तरेही एका ठिकाणी नसतात. एसपीजी (सोसायटी फॉर द प्रोपगेशन ऑफ द गॉस्पेल) या मिशनरी संस्थेची कागदपत्रे ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात, सीएमएसची (चर्च मिशनरी सोसायटीची) बर्मिंगहॅम विद्यापीठात आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या चॅप्लिनांची लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. तिथे शोधताना जुनी स्पेलिंगे टाका: पुण्यासाठी ‘पूना’, ठाण्यासाठी ‘टॅना’.