सरकारी आरोग्य परिषदेचं टेंडर भरताय? आधी खोल्यांचं कलम वाचा

बेळगावात हॉटेल चालवणारी, केटरिंग करणारी, मांडव-स्टेजची कामं घेणारी बरीच तरुण मंडळी हल्ली सरकारी टेंडरकडे वळतायत. लग्नसराई संपली की हात रिकामे, आणि आरोग्य खात्याच्या परिषदा, कार्यशाळा मात्र वर्षभर चालू. डिजिटल सही, उद्यम नोंदणी, जीएसटी, पोर्टलवरचं खातं हे सगळं तुमचं झालेलं आहे असं धरून पुढचं लिहिते. ते शिकवणारे व्हिडिओ ढिगाने आहेत.

पहिल्यांदा बघायचं ते हे, की बोलावणारं ऑफिस कुणाचं. जिल्हा आरोग्य कार्यालय किंवा बिम्स, म्हणजे बेळगावचं सरकारी मेडिकल कॉलेज असेल तर राज्याचा सरकारी खरेदीतल्या पारदर्शकतेचा १९९९ चा केटीपीपी कायदा आणि राज्याचं खरेदी पोर्टल केपीपीपी. नेहरूनगरातली आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, पारंपरिक औषध संस्था केंद्राची, तिथे २०१७ ची सर्वसाधारण वित्तीय नियमावली आणि केंद्राचं खरेदी पोर्टल जेम. एकीकडचा अनुभव दुसरीकडे जसाच्या तसा लावू नका.

आता खोल्या. सभागृह, जेवण, प्रोजेक्टर, बॅनर यात माणूस फारसा बुडत नाही. बुडतो तो खोल्यांत.

दरपत्रकात साधी ओळ असते: ६० खोल्या, २ रात्री. आपण १२० ने गुणून मोकळे होतो. पण मागे अटींमध्ये, सगळं वाचून डोळे मिटायला लागल्यावर, एक वाक्य येतं: देयक प्रत्यक्ष वापरानुसार अदा केलं जाईल. इकडे हॉटेलवाला आपल्याशी जो करार करतो त्यात तो लिहून घेतो की अडवलेल्या खोल्यांपैकी किमान ८५ टक्क्यांचे पैसे द्यावेच लागतील. त्याचंही चूक नाही, त्याने दुसरी गिऱ्हाइकं परत पाठवलेली असतात. दोन्ही कागद आपापल्या जागी बरोबर, आणि जात्याच्या दोन पाळ्यांत सापडतो तो आपण.

हिशेब मांडून दाखवते, कारण मला कुणी असा मांडून दाखवला नव्हता. समजा हॉटेलचा दर २,८०० आणि तुम्ही खात्याला लावला ३,०००. कर बाजूला ठेवा. १२० पैकी खरोखर वापरल्या गेल्या ७१. खातं ७१ चे पैसे देणार, त्यात तुमची कमाई १४,२००. हॉटेल मात्र १०२ चे मागणार. मधल्या ३१ रात्री तुमच्या खिशातून, म्हणजे ८६,८००. कमाई वजा करूनही ७२,६०० चा खड्डा, आणि तोही परिषद उत्तम झाल्यावर, साहेबांनी स्टेजवर आपलं नाव घेऊन आभार मानल्यावर.

खोल्या रिकाम्या का राहतात? डॉक्टर येतात की. दुपारचं सत्र ऐकतात आणि चिकोडी, हुक्केरी, गोकाक, खानापूरचे संध्याकाळी गाडी काढून घरी जातात. रात्री दवाखाना, सकाळी ओपीडी. परगावच्या परिषदेला माणूस मुक्काम करतो, स्वतःच्या जिल्ह्यात कशाला करेल? यादीत मात्र सगळ्यांना खोली लावलेली असते, कारण कुणाचं नाव वगळून बोलणी खायची हौस यादी करणाऱ्याला नसते.

तेव्हा टेंडर भरण्याआधी शंका विचारायला जी प्री-बिड बैठक असते तिला जाच, आणि तिथे तोंडी विचारून येऊ नका. लेखी विचारा: किमान किती खोल्यांचे पैसे नक्की मिळणार? उत्तर शुद्धिपत्रकात, म्हणजे टेंडरमधल्या बदलाच्या लेखी कागदात आलं तरच ते उत्तर. ‘होईल हो, बघू आपण’ हे साहेब मनापासून म्हणत असतात, पण बिल पास करायच्या वेळी त्या खुर्चीवर दुसरे साहेब असतात. उत्तर आलंच नाही, तर हॉटेलशी टप्प्याटप्प्याने खोल्या सोडायची बोली करा: पंधरा दिवस आधी इतक्या परत, आठवडाभर आधी आणखी इतक्या. मोठं हॉटेल ऐकणार नाही. कॉलेज रोड, खानापूर रोडच्या बाजूची मधली हॉटेलं ऐकतात. एकाच ठिकाणी साठ अडवण्यापेक्षा जवळजवळच्या दोन-तीन ठिकाणी वाटून घेतलेल्या बऱ्या, अर्थात टेंडरमध्ये एकच इमारत मागितलेली नसेल तर. हॉटेल यातलं काहीच मानत नसेल, तर रिकाम्या रात्रींचा बोजा दरात धरा. दर वाढून काम गेलं तर जाऊ दे. सगळ्यात कमी दर लावून काम पटकावणाऱ्याचं कौतुक मला कधी कळलेलं नाही.

दुसरी गोष्ट, नोंदवही. रिसेप्शनवर वेगळी वही ठेवा: खोली नंबर, नाव, हुद्दा, आल्याची वेळ, सही. रोज सकाळी नाश्त्याच्या वेळीच नोडल अधिकाऱ्याकडून, म्हणजे परिषदेची जबाबदारी असलेल्या खात्याच्या माणसाकडून, त्या रात्रीच्या पानाखाली सही-शिक्का घ्या. शेवटच्या दिवशी एकदम घेऊ म्हणाल तर साहेब समारोपाच्या हारतुऱ्यांत असतात आणि शिक्का ऑफिसच्या कपाटात. जेवणाच्या कुपनांचंही तसंच. ड्रायव्हर, बंदोबस्ताचे पोलीस, साहेबांसोबत आलेली माणसं यांची ताटं कुठल्याच यादीत नसतात आणि जेवतात सगळेच. उपाशी कुणाला पाठवायचं नाही, हे खरंच. पण ‘पन्नास ताटं वाढवा’ असा फोन आला की लगेच ईमेल टाका: आपल्या सांगण्यावरून पन्नास वाढवली.

कराचं थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के, नुसत्या सभागृहाच्या भाड्यावर १८. सगळं एका ‘प्रतिमाणशी’ दरात कोंबलंत की पुढे सीए आणि तुम्ही दोघंही डोकं धरून बसाल. करार अडीच लाखांच्या वर असेल तर खातं बिलातूनच २ टक्के जीएसटीचा टीडीएस, म्हणजे आगाऊ कर कापतं. तो तुमच्या जीएसटी पोर्टलवरच्या खात्यात दिसायला ऑफिसने जीएसटीआर-७ हे विवरणपत्र भरावं लागतं, आणि ते विसरतात, आठवण करत राहा. सीमेवरची एक गंमत म्हणजे, कोल्हापूरच्या सरकारी कार्यालयाने बेळगावात परिषद घेतली तर हा टीडीएस कापायचा नसतो, कारण तुम्ही आणि हॉटेल दोघं कर्नाटकात, नोंदणी त्यांची महाराष्ट्रात. त्यांच्या अकाउंट्सला हे सांगावं लागतं, शांतपणे.

तारखा. २०१२ मध्ये सुवर्णविधानसौध, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाची बेळगावातली इमारत झाली, तेव्हापासून हिवाळी अधिवेशन म्हटलं की शहरातल्या खोल्या आमदार, अधिकारी आणि पोलिसांसाठी आधीच धरलेल्या असतात. पहिल्याच दिवशी महाराष्ट्र एकीकरण समितीचा महामेळावा, त्यावर बंदी, आणि कोल्हापूरच्या एसट्या कधी निपाणीला तर कधी कागलला थांबलेल्या. मिरज-कोल्हापूरहून वक्ते येणार असतील तर डिसेंबर आणि १ नोव्हेंबरच्या (राज्योत्सव आणि समितीचा काळा दिवस) आसपासची तारीख घेऊ नका. ऑफिसने आग्रह धरला तर पत्र देऊन ठेवा.

‘टेंडर भरून देतो, दोन टक्के द्या’ म्हणणारे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. अपलोड करून देतात, अटी वाचत नाहीत. त्यांच्यापेक्षा एखाद्या हॉटेलच्या जुन्या अकाउंटंटजवळ बसा. मला बिलं लावायला शिकवलं ते अशाच एका काकांनी. माझं पहिलं बिल हातात घेऊन म्हणाले, “सहीच न्हाई की गं हिच्यावर, पैसे कुठनं येतील?” आणि कन्नड शिका. राजकारण राजकारणाच्या जागी. राज्याच्या ऑफिसातली टिपणी कन्नडमध्ये असते, आणि आपली फाइल कुठल्या शेऱ्यावर अडली ते स्वतःला वाचता आलं तर निम्मे हेलपाटे वाचतात.

एवढं वाचून टेंडरचं नावच टाकू नका. सरकारी पैसा उशिरा येतो, पण कागद नीट असला तर येतो. लग्नातल्या यजमानांपेक्षा बरं, हे मी अनुभवाने सांगते. तुम्ही सूक्ष्म किंवा लघुउद्योगात असाल तर २००६ च्या एमएसएमई कायद्याने ४५ दिवसांच्या आत पैसे मिळायला हवेत, नंतर व्याजही मागता येतं. मी अजून मागितलेलं नाही, पुढचं काम त्याच ऑफिसात असतं. मुदतीची आठवण करून देणारं साधं पत्र मात्र पाठवते, तेवढ्यानेही फाइल हलते. अनामत परत मागायचा अर्ज काम संपल्यासंपल्या बिलाबरोबरच द्या. मागितल्याशिवाय ती कुणी काढत नाही, आणि मार्च लागला की त्या टेबलाशी कुणी उभंसुद्धा करून घेत नाही.