पावसाळ्यानंतर होडी पुन्हा पाण्यात: हतनूर धरणाच्या फुगवट्यावर शिडाची पहिली फेरी

आठ-दहा महिने शेडमध्ये पडलेली 10-12 फुटी शिडाची होडी पहिल्याच दिवशी लांब न्यायचा मोह आवरा. शीड वाऱ्याने भरून हातातला दोर ओढ घेऊ लागला, की तासाभरातही हवे ते सगळे मिळते. मात्र त्या तासाआधी दोन-तीन दिवसांची कंटाळवाणी तयारी असते.

होडी लाकडी असेल तर काम जास्त. भुसावळ-जळगावचा उन्हाळा 45 अंशांपर्यंत जातो. त्यात फळ्या आक्रसतात आणि सांधे उघडे पडतात. घाईने त्यात कापूस ठासून भरू नका. फळ्या पाण्यात पुन्हा फुगतात. सांध्यात जागा उरली नसेल तर त्या खिळे सैल करतात, कधी चिरतातही. आधी होडी सावलीत ठेवून आत ओली गोणपाटे अंथरा आणि दोन-तीन दिवस ती वाळू देऊ नका. त्यानंतरही ज्या फटी राहतील तेवढ्याच जागी सरकी काढलेल्या कापसाची सैल वात घाला आणि वरून डांबर किंवा राळ-तेलाचे मिश्रण लावा. पालथ्या होडीखाली हात घालण्यापूर्वी काठी फिरवा, विंचू असतातच.

फायबरच्या होडीवर नाण्याने ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तिथे थर सुटलेला असतो, तो भाग दुरुस्त होईपर्यंत ती होडी पाण्यात नको. तरंगत्या हवाबंद कप्प्याला साबणाचे पाणी लावा आणि बुचाच्या भोकातून तोंडाने फुंका. बुडबुडे दिसले की गळती सापडली. पंपाने हवा भरू नका, कप्पा फाटतो. बूच लावायला विसरणे ही सर्वांत सामान्य चूक आहे, म्हणून ते सुकाणूच्या दांड्याला दोरीने बांधून ठेवा.

शिडाचे कापड सहसा टिकते, शिवण आधी जाते. उन्हाने दोरा कुजतो. नखाने घासून पाहा, तंतू सुटले तर ती शिवण नव्याने मारून घ्या. उंदरांनी कुरतडलेल्या घड्या उलगडल्याशिवाय कळत नाहीत. डोलकाठी पोकळ असेल तर आत गांधीलमाशांचे पोळे नाही ना, हे पाहा. तळाच्या मधल्या फळीची खाच वाळलेल्या गाळाने अडते. ती काठावरच मोकळी करा, नाहीतर पाण्यात गेल्यावर फळी खाली उतरत नाही आणि होडी नुसती आडवी सरकत राहते.

आता पाणी. होडीइतकेच तेही बदललेले असते. भुसावळजवळ तापीवरच्या हतनूर धरणाला 41 दरवाजे आहेत, त्यांच्यामागे अडलेले पाणी म्हणजेच हा फुगवटा. जळगावचे आभाळ कोरडे असले तरी वर बैतूल-बऱ्हाणपूरकडे तापीवर किंवा विदर्भात पूर्णेवर पाऊस झाला की दरवाजे उघडतात. विसर्ग चालू असताना पाण्यात उतरू नका, आणि एरवीही भिंतीपासून लांब राहा. जलसंपदा विभागाच्या स्थानिक कार्यालयात परवानगी आणि विसर्ग दोन्ही विचारून घ्या. चांगदेवच्या तापी-पूर्णा संगमाकडे गाळ भरपूर आहे, काठावर पाय रुततो. बूट घट्ट बांधलेले हवेत. जाळी कुठे लावली आहेत ते मासेमारी करणाऱ्या भोई मंडळींना विचारा. जाळे आणि बुडालेल्या बाभळींची खोडे कुठल्याही नकाशावर नसतात, त्यांना मात्र पाठ असतात.

ऑक्टोबरात सकाळी वारा बऱ्याचदा पडलेला असतो. धुळे जिल्ह्यातल्या साक्रीकडच्या पवनचक्क्या फिरवणारा वारा इथे त्या वेळी मिळेल, अशी आशा धरू नका. उन्ह तापल्यावर जी झुळूक उठते ती सुरुवातीला पुरते. शिडावर लोकरीचा वीतभर धागा चिकटवा. दोन्ही बाजूंचे धागे सरळ मागे उडू लागले की शीड बरोबर ताणले आहे.

लाइफ जॅकेट कमरेइतक्या पाण्यात घालून पाहा. जुना फोम दबलेला असतो आणि जॅकेट गळ्याशी चढते. सोबत वल्हे, होडीला बांधलेली बादली, शिट्टी आणि जलरोधक पिशवीत फोन घ्या. मग काठाजवळच, पण मधली फळी तळाला लागणार नाही एवढ्या खोल पाण्यात, एकदा होडी मुद्दाम उलटवा. शिडाचा दोर सोडा, होडीचे पुढचे टोक वाऱ्याकडे वळवा आणि मधल्या फळीवर उभे राहून मागे झुका. वजन न टाकता नुसते हातांनी ओढले तर ती हलत नाही. महिनोन्महिने विसरलेले अंग इथेच आठवते, आणि हसूही इथेच येते.

पहिली फेरी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, नागमोडी काढा. दमल्यावर परतताना वारा पाठीशी असतो. जोराचा झोत आला तर आधी दोर ढिला सोडा, सुकाणूशी झटापट करू नका. होडी अचानक जड वाटली तर सुकाणूत जलपर्णी अडकली असेल. तळहात मऊ पडलेले असतात, म्हणून दोर हाताला गुंडाळू नका. हातमोजे घातले तर फोड कमी येतील.

काठावर आल्यावर बूच काढून कप्प्यातले पाणी बादलीत मोजा. पेलाभर असेल तर पुढच्या रविवारी दोन तास जा. अर्धी बादली भरली तर पुन्हा साबणाचे पाणी घ्या.