ऑक्टोबरात लायलॅक छाटू नका

पुण्याच्या गच्चीवर बाबा ऑक्टोबरात गुलाब छाटायचे. अमेरिकेत रॉचेस्टरला आल्यावर तोच हिशेब धरून मी पहिल्याच ऑक्टोबरात घरामागचं लायलॅक, म्हणजे सुवासिक तुऱ्यांचं एक फुलझुडूप, साफ छाटलं. पुढच्या मे महिन्यात अख्ख्या गल्लीत घमघमाट, आणि आमच्याकडे नुसता पाला!

गुलाब नव्या फुटीवर फुलतो, लायलॅक जुन्या फांदीवर. यंदाचा बहर सरला की उन्हाळ्यातच ते पुढच्या वर्षाच्या कळ्या धरतं. त्या तयार कळ्याच मी कचऱ्यात टाकल्या होत्या.

तेव्हा तुरे सुकायला लागले की आठ-पंधरा दिवसांत छाटणी उरका. सुकलेला तुरा खालच्या पानांच्या जोडीच्या जरा वर कापा. झुडूप म्हातारं होऊन फुलं फक्त शेंड्याला येत असतील, तर सगळ्यात जाड बुंध्यांपैकी एक तृतीयांश जमिनीलगत करवतीने काढा. असं तीन वर्षं करा. एकदम सगळं कापलंत तर काही वर्षं फुलांची वाट बघाल. बुडाशी फुटणाऱ्या धुमाऱ्यांतले दोन-चार जोमदार राखा. झाड कलमी असेल तर मात्र एकही नको, कारण ते खालच्या खुंटाचे असू शकतात.

ऊन निदान सहा तास हवं, पाणी साचता कामा नये. लॉनचं नत्रखत मुळाशी गेलं की पानंच माजतात. उन्हाळा सरताना द्राक्षावर येते तशी भुरी दिसेल. झाड त्याने मरत नाही, मी लक्षही देत नाही.

नवं रोप घ्यायचंय? आधी मे महिन्यात इथल्या हायलंड पार्कात चक्कर मारा. पाचशेहून अधिक जाती आहेत, पांढऱ्यापासून गडद जांभळ्यापर्यंत. नेहमीच्या जातीची कळी गडद असते आणि उमलल्यावर फिकटते, हे ध्यानात ठेवून रंग निवडा. फोनवर आईने विचारलं, "म्हणजे वांगी रंग का गं?" "नाही, दुधात जांभळाचा रस पडल्यासारखा," म्हटलं. 'लायलॅक' हा शब्द मात्र तिच्या ओळखीचा निघाला. संस्कृत 'नील', त्यावरून फारसीत 'नीलक', पुढे 'लीलक', मग अरबी-फ्रेंचमार्गे इंग्रजीत. बाल्कनच्या डोंगरातल्या झुडपाला आपला निळा चिकटला!

"मग एक रोप घेऊन ये की," आई म्हणाली. ते नको. कळ्या नीट फुलायला लांबलचक कडक थंडी लागते, पुण्याची पुरत नाही. तिथे बकाण निंब लावा. इंग्रजीत त्यालाही पर्शियन लायलॅक म्हणतात, खरं तर ते कडुनिंबाच्या कुळातलं. पण फुलं फिकट जांभळी आणि सुवासिक. फळं विषारी असतात, तेवढं पोरांना सांगून ठेवा.