‘वन पीस’ची मालिका पाहताना नववा खंड हाताशी ठेवा

उसोपचं नाक लांब नाही. सांजीच्या तोंडात सिगारेट नाही. गायमोन, जँगो, हाची हे तर आलेच नाहीत. नेटफ्लिक्सच्या २०२३ च्या ‘वन पीस’ या चाच्यांच्या मालिकेबद्दल मांगावाल्यांच्या, म्हणजे मूळ जपानी चित्रकथा वाचलेल्यांच्या, तक्रारी इथून सुरू होतात. काय काय राहिलं याची यादी करायचीच असेल तर एकदाच करून मोकळे व्हा, मालिका चालू असताना नको. शेजारी बसलेल्याला पाहू द्या.

आधी हिशोब समजून घ्या. या सीझनचे आठ भाग आहेत, साधारण तासा-तासाचे. एइचिरो ओदांच्या मांगातली पहिली ९५ प्रकरणं, म्हणजे जवळजवळ अकरा खंड, त्यात बसवलेत. अ‍ॅनिमेनं, म्हणजे मांगावरच्या जपानी कार्टून मालिकेनं, त्यालाच चाळीसहून अधिक भाग घेतले होते. तेव्हा कापाकापी होणारच. नेमकं काय कापलं, एवढंच पाहायचं.

माझ्या मते कापला गेला तो वात्रटपणा. मांगात ओदा पानंच्या पानं टवाळकी करतात, आणि आपण हसून सैल झालो की रडवतात. मालिकेला एवढी सवड नाही. म्हणून माझी पद्धत अशी: दोन-दोन भाग पाहायचे आणि मध्ये खंड उघडायचे. पहिले दोन भाग सलग पाहिले तरी चालतात. बगी या विदूषक चाच्याच्या तंबूचं भय मांगापेक्षा गडद आहे, आणि जेफ वॉर्डचा बगी मला तर कागदावरच्यापेक्षा जास्त आवडला (हे ग्रुपवर बोलायची सोय नाही).

तिसऱ्या-चौथ्या भागानंतर मात्र थांबाच. उसोपची मैत्रीण काया हिच्या वाड्यातली रात्र त्यांनी भयपटासारखी रंगवलीय, बिचाऱ्या मेरी बटलरचा जीवही घेतलाय. मांगात तो वाचतो. पण खरं नुकसान उसोपचं झालंय. त्याच्यामागे फिरणारी ती तीन पोरंच नाहीत, त्यामुळे कॅप्टन उसोप नक्की कुणाचा कॅप्टन होता हे नव्या माणसाला कळत नाही. २३ ते ४१ ही प्रकरणं वाचा, निदान शेवटची दोन तरी. गावावर हल्ला होणार होता हे गावाला कधी कळूच द्यायचं नाही असं तो खोटारडा ठरवतो, आणि मग पोरांचा निरोप घेतो. एवढं वाचून पाचवा भाग लावलात तर जहाजावरचा उसोप वेगळा दिसेल.

बाराती या तरंगत्या हॉटेलवर झोरो आणि मिहॉक या तलवारबाजांची लढत आली की फोन पालथा ठेवा, पॉज करू नका. मांगात ती क्रीग या चाच्याच्या हल्ल्याच्या गोंधळात घडते. इथे क्रीगला हातोहात निकालात काढलंय आणि मिहॉकला नौदलाच्या गार्पनं पाठवलंय. मला हा बदल पटला, लढतीभोवती शांतता मिळते. बारातीचा मालक झेफ याच्या पायाची गोष्टही बघा: अ‍ॅनिमेनं ती सौम्य केली होती, मालिकेनं मांगातली क्रूर गोष्टच ठेवलीय.

गार्पवरून भांडणं होतात. तो नायक लुफीचा आजोबा आहे हे मांगात चारशेहून अधिक प्रकरणांनंतर कळतं, इथे पहिल्याच सीझनमध्ये. गुपित फुटलं खरं, पण त्याच्यामुळे कोबीला, नौदलातल्या नवख्या पोराला, काम मिळालं. माझे बाबा निवृत्त फौजदार, मांगाचं एक पान त्यांनी उघडलेलं नाही. त्यांना फक्त गार्प आणि कोबीत रस होता. “साहेब कडक आहेत, पण पोरगं घडवतायत,” म्हणाले. घरात असं कुणी असेल तर त्यांना आठही भाग इंग्रजीतच दाखवा.

तुम्ही स्वतः दुसऱ्यांदा पाहाल तेव्हा ऑडिओ जपानी करा. अ‍ॅनिमेतलेच मूळ आवाज तिथे आहेत. १९९९ पासून लुफीचा आवाज देणाऱ्या मायूमी तानाका इथे लुफी झालेल्या इन्याकी गोदोयच्या चेहऱ्यातून बोलतात. पाच मिनिटं विचित्र वाटतं, मग वाटेनासं होतं.

सातव्या भागाआधी नववा खंड जवळ घ्या, पण उघडू नका. लुफीच्या टोळीतली नामी खांद्यावरच्या गोंदणात सुरा खुपसते, लुफी हात धरतो, ती मदत मागते, तो स्वतःची टोपी तिच्या डोक्यावर ठेवतो. हे सगळं पाहून झालं की प्रकरण ८१ काढा. नामी झालेल्या एमिली रडनं जे केलंय ते आणि ओदांनी काढलेला तो चेहरा लागोपाठ पाहा. कोण सरस यावर वाद घालू नका. तिथे मालिका घाईची वाटली, तर आधीची टवाळकी किती कापली गेली ते आठवा. शँक्स या चाच्यानं लहानपणी दिलेली ती टोपी लुफी कुणाला हातही लावू देत नाही, हे मांगात आपल्या अंगवळणी पडलेलं असतं.

आठव्या भागात लुफीवर तीन कोटी बेरींचं बक्षीस लागतं आणि सगळे उठायला लागतात. बसवून ठेवा. श्रेयनामावलीनंतर एक हात सिगारनं बक्षिसाचा तो कागद जाळताना दिसतो. आपल्याला माणूस कोण ते लगेच कळतं, नवख्याला नाही. विचारलं तर नाव सांगू नका, अकरावा खंड द्या.