आधी ट्राय बाइक घेतली, मग रोड बाइक: नेरुळहून एक अनुभव

आमच्या पहाटेच्या ग्रुपमध्ये नवीन आलेलं कुणीतरी दोन-तीन आठवड्यांत विचारतंच, "ताई, ट्रायथलॉन करायचं म्हणजे ट्राय बाइकच लागणार ना?" मी सायकल कडेला घेऊन नीट उत्तर देते. कारण हा प्रश्न मी कुणालाच विचारला नव्हता. थेट ट्राय बाइक घेऊन मोकळी झाले होते.

मी नवी मुंबईत नेरुळला राहते, बँकेत नोकरी करते, उंची पाच फूट दोन इंच. पोहायला चौतिसाव्या वर्षी शिकले. पहिली स्प्रिंट ट्रायथलॉन (750 मीटर पोहणं, 20 किलोमीटर सायकल, 5 किलोमीटर धावणं) साध्या गिअरच्या हायब्रिड सायकलवर केली. पोहून धापा टाकत सायकली लावायच्या रॅकपाशी आले तर शेजारी एक काळी ट्राय बाइक टांगलेली. तिच्या त्या पुढे आलेल्या दोन दांड्यांकडे मी क्षणभर बघतच राहिले. महिनाभरात ओळखीतून तशीच एक जुनी मिळाली, 1 लाख 35 हजारांना. फ्रेम माझ्या मापाची आहे का, हे पाहायचं मला सुचलंही नाही.

आता रोड बाइक आणि ट्राय बाइक यांमध्ये फरक काय, ते आधी सांगते. रोड बाइकला खाली वळलेलं हँडल असतं, त्याला ड्रॉप बार म्हणतात. हात ब्रेकच्या हुडवर (लिव्हरच्या वरच्या मुठीवर) किंवा खालच्या वळणावर असले की ब्रेक बोटाखाली असतो, आणि गिअरही त्याच लिव्हरमध्ये. सीट ट्यूबचा, म्हणजे सीटखालच्या नळीचा, कोन साधारण 72 ते 74 अंश. ट्राय बाइकमध्ये हा कोन 76 ते 80 अंशांपर्यंत उभा होतो, म्हणजे सीट पुढे सरकते. पुढे आलेल्या दोन दांड्या म्हणजे एरोबार; त्यांच्या पॅडवर कोपरं टेकवून, दोन्ही हात जुळवून, छाती खाली घालून चालवायचं. गिअर त्या दांड्यांच्या टोकाला, पण ब्रेक बाहेरच्या आडव्या हँडलवर. म्हणजे तुम्ही ज्या बसणीत सगळ्यात वेगात असता, त्याच बसणीत बोटाखाली ब्रेक नसतो. हे वाक्य दोनदा वाचा. मला ते रस्त्यावर कळलं.

डिसेंबरची पहाट, साडेपाच वाजलेले. पाम बीच रोडवर मी वाशीकडून बेलापूरकडे येत होते, खाडीकडून थंड वारा, वेग 34. चाणक्य सिग्नलच्या अलीकडे डिव्हायडरच्या झाडांमधून एक माणूस हातात पिशवी घेऊन रस्त्यावर उतरला. ताशी 34 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ साडेनऊ मीटर. कोपर उचलायचं, हात बाहेर न्यायचा, लिव्हर शोधायची, दाबायची, यात अर्धा-पाऊण सेकंद जातो. तेवढ्यात सात मीटर संपले होते. पुढचा ब्रेक जोरात दाबला गेला, चाक अडलं आणि मी डाव्या खांद्यावर पडले. त्या माणसाला धक्काही लागला नाही. त्यानेच माझी सायकल उचलली, पिशवीतली पाण्याची बाटली काढून माझ्या हातात दिली आणि मी उठून उभी राहीपर्यंत तिथेच थांबला. कोपराला पाच टाके पडले.

संध्याकाळी ग्रुपमधले एक काका घरी आले. ते साठीच्या पुढचे, या रस्त्यावर वर्षानुवर्षं सायकल चालवणारे. रागावले नाहीत. सायकल भिंतीला टेकवून मला तिच्यावर बसायला सांगितलं, बाजूने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "फ्रेम दोन मापांनी मोठी आहे गं. तू हिच्यावर बसत नाहीयेस, लोंबकळतेयस. आधी वर्षभर ब्रेकवर बोटं ठेवून चालव, मग काढ हिला."

तोवर मान दुखणं, करंगळी बधिर होणं हे सगळं मी 'सवय नाही' म्हणून सोडून देत होते. खरं तर फ्रेम मोठी असल्यामुळे कोपरं पॅडवर टेकवायला मला अंग ताणावं लागत होतं. रोड बाइक थोडी मोठी असली तर स्टेम (हँडल धरणारा तुकडा) आखूड करून बरंच निभावतं. बऱ्याच ट्राय बाइकचा पुढचा भाग एकसंध असतो, तिथे फार हात घालता येत नाही. माझ्या उंचीच्या बायकांना लहान फ्रेम मिळणं आधीच कठीण, जुन्या बाजारात तर फारच. त्यामुळे किंमत बघण्याआधी फ्रेमचा स्टॅक आणि रीच बघा. स्टॅक म्हणजे पेडल ज्या मधल्या आसाभोवती फिरतात तिथपासून हँडल बसतं त्या नळीचं वरचं टोक किती उंच, आणि रीच म्हणजे ते तिथून किती पुढे. जमलं तर ज्याला बाइक फिट करता येतं अशा माणसाकडे जाऊन आधी स्वतःचं माप काढून घ्या आणि मग सायकल शोधा. मी क्रम उलटा केला होता.

ती सायकल तोट्यात विकली. मग 78 हजारांची ॲल्युमिनियमची रोड बाइक घेतली, दुकानातली सगळ्यात लहान फ्रेम, 28 मिलिमीटरचे टायर. घेताना मनातून खट्टू होते. पण दोन महिन्यांत माझे आठवड्याचे सायकलचे तास साडेतीनवरून साडेसातवर गेले. पायांत एकदम ताकद आली अशातला भाग नाही. सायकल बाहेर काढायची भीती गेली होती.

आणखी एक गोष्ट बदलली, ती म्हणजे मला ग्रुपच्या रांगेत घेतलं गेलं. एरोबारवर कोपरं टेकवलेला माणूस मागे-पुढे चालवणाऱ्यांना नको असतो, कारण त्याला वेळेवर ब्रेक लावता येत नाही. ते बरोबरच आहे. रोड बाइकवर मी दुसऱ्याच्या चाकामागे राहायला शिकले, हाताने खड्डा दाखवायला शिकले. खारघरच्या टेकडीवर चढायला आणि मुख्य म्हणजे तिथून उतरायला शिकले. चढावर वेग पंधराच्या खाली येतो, तिथे हवेचा प्रश्न फारसा उरत नाही. उतारावर ब्रेकवर दोन बोटं आणि वजन मागे, हे ट्राय बाइकवर तितक्या सहज जमत नाही. ठाण्याची माझी मैत्रीण येऊरला चढते आणि घोडबंदर रोडने गायमुखपर्यंत जाऊन येते. तिच्या त्या रस्त्यांवर, मेट्रोचं काम आणि डंपर सांभाळत, एरोबारवर सलग दोन मिनिटं राहणंही अवघड. तिला मी दुसरा पर्याय सुचवतच नाही.

उरणच्या रस्त्याचंही तसंच. कंटेनरच्या रांगा, मध्येच खरवडलेला डांबराचा पट्टा. ट्राय बाइकवर बाटल्या सीटच्या मागे लावतात. गव्हाण फाट्याच्या पुढे एका खड्ड्यात मागून 'ठप्प' आवाज आला, वळून पाहिलं तर माझी बाटली ट्रेलरच्या चाकाखाली चाललेली. उरलेले तीस किलोमीटर घोटभर पाण्यावर काढले. बाटली फ्रेमवरच लावा, हात खाली घालून काढायला आणि परत ठेवायला शिका.

मग ट्राय बाइकचा उपयोग काहीच नाही का? आहे, आणि खरा आहे. सपाट रस्त्यावर वेग ताशी 30 किलोमीटरच्या पुढे गेला की आपली बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी ताकद घनाने. त्या अडथळ्यातला मोठा वाटा सायकलचा नसतो, आपल्या शरीराचा असतो. म्हणून आधी शरीराची बसण बदलायची, फ्रेमचा विचार नंतर. 1989 च्या तूर द फ्रान्समध्ये ग्रेग लेमाँड शेवटच्या दिवशी 50 सेकंद मागे होता. व्हर्साय ते पॅरिस साडेचोवीस किलोमीटरची टाइम ट्रायल, म्हणजे एकेकट्याने घड्याळाविरुद्धची शर्यत होती. त्याने ट्रायथलॉनवाल्यांकडून आलेला एरोबार लावला, पहिल्या नंबरवर असलेल्या लॉराँ फिन्योंने लावला नव्हता. लेमाँडने सगळी तूरच 8 सेकंदांनी जिंकली. एवढ्या फरकाचं श्रेय एकट्या हँडलला देता येणार नाही, पण त्या दिवसानंतर एरोबारकडे कुणी नुसतं खूळ म्हणून पाहिलं नाही.

मी दुसऱ्या वर्षी रोड बाइकवरच साडेचार हजारांचा क्लिप-ऑन, म्हणजे आहे त्या हँडलवर अडकवायचा, एरोबार बसवला. सीट थोडी पुढे आणि वर घेतली. पाम बीचवर रविवारी, नाडीचा वेग सारखा ठेवून, ब्रेकच्या हुडवर हात असताना सायकलचा वेग ताशी 29 यायचा तिथे 31 यायला लागला. 90 किलोमीटरच्या शर्यतीत हा फरक 3 तास 6 मिनिटं आणि 2 तास 54 मिनिटं असा पडतो. साडेचार हजारांत बारा मिनिटं. नवख्या माणसाने पैसे घालायचे तर आधी इथे घाला, असं मी अगदी आग्रहाने सांगते.

कुठली शर्यत करायची, यावरही बरंच ठरतं. ऑलिंपिकमध्ये 2000 च्या सिडनीपासून ट्रायथलॉन आहे, आणि तिथे एकमेकांच्या मागे राहून, म्हणजे ड्राफ्टिंग करून चालवायला परवानगी असते. म्हणून ते खेळाडू ड्रॉप बारच्या रोड बाइकच वापरतात. कुणाचा मुलगा किंवा मुलगी त्या वाटेने जाणार असेल तर ट्राय बाइकचा विचारही करू नका. आपल्यासारखे हौशी लोक गोव्याची आयर्नमॅन 70.3 ट्रायथलॉन डोळ्यांसमोर ठेवतात (1.9 किलोमीटर पोहणं, 90 सायकल, 21.1 धावणं). तिथे ड्राफ्टिंगला मनाई, पुढच्या सायकलपासून अंतर राखून एकट्यानेच हवा कापायची. शिवाय शर्यतीसाठी रस्ता वाहनांना बंद. तिथे ट्राय बाइकला तिची खरी जागा सापडते.

तिसऱ्या वर्षी मी माझ्या मापाची ट्राय बाइक घेतली. पुढे सरकलेल्या सीटमुळे मांडी आणि पोट यांतला कोन उघडा राहतो, म्हणून नंतर धावताना पाय ताजे असतात असं म्हणतात. मला पायांत तसा मोठा फरक जाणवला नाही. पाठीत मात्र जाणवला. 90 किलोमीटरनंतर मी सरळ उभी राहू शकले. आणि क्लिप-ऑनच्या रोड बाइकपेक्षा चार-पाच मिनिटं वाचली. त्या मिनिटांची किंमत ज्याची त्याने ठरवावी. मला ती मोलाची वाटली, कारण तोवर बाकीच्या सगळ्या जागांतून मिळणारी मिनिटं मी घेऊन झाले होते.

ती सायकल जूनपासून हॉलमध्ये ट्रेनरवर (घरात जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) असते. पाऊस संपेपर्यंत आठवड्यातून दोनदा 40 मिनिटं एरोबारवरून न उठता चालवते, मान आणि खांदे तिथेच तयार होतात. घामाने एरोबारचे बोल्ट गंजतात, आपल्याकडच्या खाऱ्या हवेत तर लवकरच. टॉवेल टाका, आणि महिन्यातून एकदा बोल्ट काढून ग्रीस लावा. पुढे ऑक्टोबरात बाहेर काढायची तर उंच रिमची चाकं लगेच लावू नका. वाशीच्या खाडीपुलावर आडवा वारा पुढचं चाक हातातून ओढून घेतो.

ज्यांनी माझ्यासारखी आधीच ट्राय बाइक घेतली आहे, त्यांनी घाबरून ती विकायला काढू नये. माप बरोबर आहे का ते तपासा. असेल तर पहिले दोन महिने कोपरं पॅडवर टेकवायचीच नाहीत, हात बाहेरच्या हँडलवर. रविवारी पहाटे बेलापूरच्या आतल्या रिकाम्या, सरळ रस्त्यावर जा, कुणाला तरी सोबत न्या. वेग वीसच्या आत ठेवा. सोबतच्याने मध्येच "थांब" म्हणायचं, तुम्ही कोपर उचलून ब्रेक धरायचा. असं वीस-तीस वेळा, प्रत्येक रविवारी. ब्रेककडे न बघता हात तिथे जायला लागला की मग पाम बीचवर या. सिग्नल, वळण, बसथांबा आणि डिव्हायडरमधली फट दिसली की हात बाहेरच ठेवा. मी अजूनही चाणक्यपाशी ठेवते.