रिकामी पिकअप घसरते तेव्हा: ट्रॅक्शन कंट्रोल आणि एलएसडी कसं वापरावं

नारळी पौर्णिमा झाली की ससून डॉक आणि भाऊच्या धक्क्यावर माल न्यायला पिकअपची रांग लागते. खाली बर्फाचं पाणी आणि खवले, वरून पाऊस, आणि हौदा रिकामा. जरा चढ लागला की मागचं एक चाक जागेवर गरगर फिरतं आणि दुसरं ढिम्म हलत नाही. ड्रायव्हर आणखी रेस देतो. चाक आणखी जोरात फिरतं, गाडी तिथेच. इंजिन कमी पडतंय असं वाटतं, पण दोष इंजिनाचा नसतो. ताकद चाकापर्यंत पोचलेली असते, रस्त्यात उतरत नसते.

पिकअपमध्ये हे जास्त होतं, कारण इंजिन आणि केबिनचं वजन पुढे असतं आणि ओढणारी चाकं बहुतेक वेळा मागची. हौदा रिकामा असला की मागच्या चाकांवर दाब कमी, म्हणून पकडही कमी.

आता डिफरेन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधला, इंजिनाचा जोर त्यांना वाटून देणारा गिअरचा डबा. वळणावर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापतं. दोन चाकांमध्ये 1.4 मीटर अंतर असेल, तर एका यू-टर्नमध्ये हा फरक जवळजवळ 4.4 मीटर होतो. दोन्ही चाकं एकाच दांड्याला जखडलेली असती तर टायर घासले असते, म्हणून डिफरेन्शियल त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतं. साध्या, म्हणजे ओपन डिफरेन्शियलची अडचण ही की ते दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. शेवाळावरचं चाक 100 न्यूटन-मीटरला घसरत असेल, तर कोरड्या काँक्रीटवरच्या चाकालाही 100च मिळतात. रेस कितीही द्या, आकडा वाढत नाही.

यावर तोडगे तीन. लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल, म्हणजे एलएसडी, पकड असलेल्या चाकाकडे जास्त जोर वळवतं; काहींत हे काम घासणाऱ्या प्लेट करतात, काहींत खास गिअर. डिफ लॉक दोन्ही चाकं एकत्र जखडतो. ट्रॅक्शन कंट्रोल हे सगळं डिफरेन्शियलच्या बाहेरून, ब्रेक आणि इंजिन वापरून साधतं.

पायरी 1: आपल्या गाडीत काय आहे ते ओळखा

माझ्या मते हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि हीच सहसा गाळली जाते. गाडीचं मॅन्युअल उघडा. मुंबईत मालाच्या धंद्यात दिसणाऱ्या बहुतेक पिकअपमध्ये साधं ओपन डिफरेन्शियल असतं. टोयोटा हायलक्समध्ये मागे बटणाने लागणारा डिफ लॉक आहे, शिवाय ट्रॅक्शन कंट्रोलही. इसुझू व्ही-क्रॉसच्या वरच्या व्हेरियंटमध्ये ट्रॅक्शन कंट्रोल मिळतं. महिंद्राच्या थार आणि बोलेरो निओच्या काही व्हेरियंटमध्ये मेकॅनिकल लॉकिंग डिफरेन्शियल येतं. दोन चाकांच्या गतीत बराच फरक पडला की ते आपोआप लॉक होतं.

जुनी गाडी घेतली असेल आणि कागद नसतील, तर जॅकवर तपासता येतं. सपाट, पक्क्या जागी इंजिन बंद करा. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी उटी, म्हणजे चाक अडवणारा ठोकळा किंवा दगड, लावा, कारण हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो आणि तो आता सोडावा लागणार. मागची दोन्ही चाकं उचलून अ‍ॅक्सलखाली स्टँड द्या, गिअर न्यूट्रल, फोर बाय फोर असेल तर टू-व्हीलवर. आता हँडब्रेक सोडा आणि एक चाक हाताने फिरवा. दुसऱ्या बाजूचं मागचं चाक उलट दिशेला फिरलं तर ओपन. त्याच दिशेला फिरलं आणि हाताला चांगला जोर लागला तर प्लेटवालं एलएसडी.

ही चाचणी दोन ठिकाणी फसते. प्लेट झिजलेलं एलएसडी ओपनसारखंच वागतं. आणि गिअरवालं एलएसडी किंवा आपोआप लॉक होणारं डिफरेन्शियल हाताच्या हळू फिरवण्याने कामाला लागतच नाही.

एलएसडी किंवा लॉकवाल्या गाडीचं एकच मागचं चाक जॅकवर असताना इंजिन चालू करून गिअर कधीही टाकू नका. जमिनीवरचं चाक ओढ घेईल आणि गाडी जॅकवरून उडी मारून पुढे जाईल. पंक्चरच्या दुकानात हे नीट सांगून ठेवा.

पायरी 2: ट्रॅक्शन कंट्रोल कधी चालू, कधी बंद

एबीएसचेच, म्हणजे ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचेच, सेन्सर प्रत्येक चाकाची गती मोजतात. एक चाक जास्त फिरायला लागलं की संगणक इंजिनाचा जोर कमी करतो आणि त्याच चाकाला ब्रेक लावतो. ब्रेकमुळे त्या बाजूला अडथळा वाढतो, म्हणून दुसऱ्या चाकालाही तेवढा जादा जोर मिळतो. डॅशबोर्डवरचा घसरत्या गाडीचा दिवा लुकलुकला म्हणजे यंत्रणा काम करतेय. तो कायम पेटलेला असेल तर ती बंद आहे किंवा बिघडली आहे.

डांबरी रस्ता, ओले पेव्हर ब्लॉक, फ्लायओव्हरवरची लोखंडी सांधपट्टी: इथे ट्रॅक्शन कंट्रोल चालूच ठेवा. बंद करण्याची वेळ येते ती बांधकामाच्या साइटवरच्या गाळात किंवा रेतीत. तिथे गाडीला थोडी गती आणि चाकांना थोडं फिरणं लागतंच, आणि संगणक नेमका त्याच वेळी इंजिनाचा जोर काढून घेतो. बटण दाबा, सेकंड गिअरला टाका, क्लच हळू सोडा आणि रेस एकसारखी ठेवा. बाहेर निघालात की बटण लगेच परत चालू. ट्रॅक्शन कंट्रोल चालू ठेवून बराच वेळ चाक फिरवत राहिलात तर ब्रेक तापतात आणि काही गाड्यांत यंत्रणा ब्रेक वाचवण्यासाठी स्वतःच थोडा वेळ थांबते. अशा वेळी तुम्हीही थांबा, चाकापुढचा गाळ काढा, खाली फळी किंवा गोणपाट सरकवा.

पायरी 3: एलएसडी असेल तर पाय हलका ठेवा

ओपन डिफरेन्शियलवर एक चाक फिरतं, पण दुसरं गाडीची शेपूट धरून ठेवतं. एलएसडीमध्ये जोर जास्त झाला की दोन्ही चाकं एकदम घसरतात आणि मागची बाजू बाहेर फेकली जाते. पहिल्या पावसात, रस्त्यावर डिझेलचा तवंग असताना, रिकाम्या गाडीने फ्लायओव्हरच्या वळणावर रेस देणं यामुळेच धोक्याचं. वळणापूर्वी वेग कमी करा आणि गाडी सरळ झाल्यावरच रेस द्या. बटणाचा डिफ लॉक तर पक्क्या रस्त्यावर वापरायचाच नाही. तो फक्त अडकलेल्या जागी, सरळ आणि हळू जाताना.

अर्धा हँडब्रेक ओढून गाडी काढायची युक्ती बरेच जण सांगतात. गिअरवाल्या किंवा प्लेटवाल्या एलएसडीवर ती खरोखर चालते. ओपनवर फायदा नाही, कारण हँडब्रेक दोन्ही चाकांना सारखाच अडवतो. पकडीच्या चाकाला जेवढा जादा जोर मिळतो, तेवढा त्याचाच ब्रेक खाऊन टाकतो.

पायरी 4: टायर आणि तेल

मागच्या एका बाजूला नवीन टायर आणि दुसरीकडे रिमोल्ड, असं करू नका. घेर वेगळा असला की सरळ रस्त्यावरही दोन चाकं वेगळ्या गतीने फिरतात, एलएसडीच्या प्लेट विनाकारण झिजतात आणि ट्रॅक्शन कंट्रोलला चाक घसरल्याचा भास होऊ शकतो. गुळगुळीत टायरवर यातली कुठलीच यंत्रणा उपयोगाची नाही, म्हणून पैसे मोजके असतील तर आधी टायर घ्या. पावसात हौद्यात थोडाच माल असेल तर तो मागच्या अ‍ॅक्सलच्या वर ठेवून घट्ट बांधा.

प्लेटवाल्या एलएसडीला साधं गिअर ऑइल चालत नाही. त्यासाठी खास फ्रिक्शन मॉडिफायर, म्हणजे प्लेटचं घर्षण नीट राखणारं रसायन, असलेलं तेल लागतं. हळू, पूर्ण स्टिअरिंग कापून वळताना मागून कटकट आवाज आणि झटके येत असतील, तर संशय आधी तेलावर घ्या. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुनं एलएसडी आणून बसवणार असाल तर क्राऊन-पिनियनचा, म्हणजे डिफरेन्शियलमधल्या मोठ्या आणि छोट्या गिअरचा, रेशो मूळ रेशोशी जुळतो का ते दात मोजून पाहा. फोर बाय फोरमध्ये पुढचा-मागचा रेशो वेगळा झाला तर ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारा गिअरबॉक्स, टिकत नाही.

हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या साचलेल्या पाण्यातून गाडी काढावी लागली असेल, तर मागचं हाउसिंग, म्हणजे डिफरेन्शियलचं लोखंडी कवच, विसरू नका. धावून तापलेलं हाउसिंग थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते. ब्रीदर, म्हणजे हाउसिंगची हवा आत-बाहेर जाऊ देणारं तोंड, तुंबलेला किंवा पाण्याखाली असेल, तर सीलमधून किंवा ब्रीदरमधूनच पाणी आत खेचलं जातं. फिलर प्लग, म्हणजे तेल भरायचं बूच, उघडून बोट घाला. तेल दुधाळ चहासारखं दिसलं तर ते सगळं काढून नवीन भरा, ब्रीदर साफ करा, आणि थोडं चालवून तेल पुन्हा बघा. दुसऱ्यांदाही दुधाळ दिसलं तर पाणी आत राहिलंय, तेल परत बदलावं लागेल.